आमचा रैतू बाजार

हैदराबादच्या मराठी घरात "मंडईत जाऊन येतो" असं आता कोणी म्हणत नाही. पुण्याहून पाहुणे आले की त्यांच्या तोंडी मंडई असते. आपण पिशव्या उचलतो आणि म्हणतो, "रैतू बाजारला चाललोय, काय आणू?" रैतू म्हणजे शेतकरी, आपल्या 'रयत' शब्दाचा तेलुगू भाऊ. या बाजारानं आपल्या भाषेतही बरीच भाजी मिसळली आहे. दोडका की बीरकाय, तोंडली की दोंडकाय, अंबाडी की गोंगूर, ज्याच्या तोंडात जे आधी येईल ते. माझ्या नातीला तर 'दोंडकाय' हाच मराठी शब्द वाटतो. शाळेतल्या निबंधात तिनं तसा लिहिला होता.

आपल्या लोकांच्या आठवणींत गणेशोत्सव येतो, नाटकं येतात, शाळा येतात. भाजीबाजार कोणी लिहीत नाही. पण आठवड्यातून दोनदा, पंचवीस वर्षांहून जास्त, ज्या जागी मी गेलो ती जागा हीच. बँकेत होतो तेव्हा रविवारी, निवृत्तीनंतर मंगळवारी आणि शनिवारी. कुठला बाजार ते नाव घेत नाही. पश्चिमेच्या गावांचा माल येणारा आहे, एवढ्यावर नेहमीचे लोक ओळखतील.

आधीचं थोडं सांगतो. लहानपणी आम्ही काचीगुड्याला राहायचो. रोजची भाजी दारावर बंडीवाल्याकडून. महिन्यातून एखादा रविवार वडील जुन्या शहरातल्या मीर आलम मंडीत जायचे आणि सायकलरिक्षात पोतं टाकून आणायचे. आंबे-मोसंबी मोअज्जमजाही मार्केटमधून, तेव्हा फळांचा बाजार तिथं होता. बंडीवाला भाव सांगायचा, आई निम्मा म्हणायची, तो "नक्को अम्मा" म्हणत दोन पावलं पुढं जायचा आणि मग थांबायचा. रोज हे नाटक. तराजूची एक बाजू किंचित त्याच्या हाताच्या वजनानं खाली असते हे आईला माहीत होतं आणि आईला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. शेतकरी या सगळ्यात कुठं नव्हताच. भाजी बंडीवर उगवते असंच आम्हाला वाटायचं.

शेतकरी मला दिसला बँकेमुळे. ऐंशीच्या दशकात चेवेल्ल्याच्या बाजूला एका ग्रामीण शाखेत माझी बदली झाली. मी कॉमर्सचा माणूस, टोमॅटोचं रोप आणि वांग्याचं रोप वेगळं ओळखायलाही तिथंच शिकलो. पण हिशोब मला कळायचा. आमचे कर्जदार पहाटेच्या लॉरीनं टोमॅटोच्या टोपल्या शहरातल्या घाऊक बाजारात पाठवायचे आणि दोन दिवसांनी अडत्याची पट्टी घेऊन शाखेत यायचे, कारण ती वाचून दाखवायला दुसरं कोणी नसायचं. एका पट्टीची मी माझ्या डायरीत नक्कल करून ठेवली होती. विक्री २४० रुपये. त्यातून अडत, हमाली, तोलाई, ओल्या मालाचा कडता, लॉरीभाडं. हातात आले १५८. त्यातही अडत्यानं बियाण्यासाठी आधी दिलेली उचल होती, ती कापली की उरले नव्वदच्या आसपास. त्याच दिवशी शहरात आमच्या घरी तो टोमॅटो कोणत्या भावानं आला हे मी बायकोला फोनवर विचारलं आणि गप्प बसलो.

अडत्या हा काही राक्षस नव्हता, हेही सांगतो. रात्री दोनला पोराला ताप आला तर पैसे तोच द्यायचा. आमची शाखा दहाला उघडायची, आणि उघडल्यावर तीन फॉर्म. शेतकरी त्याला सोडत नव्हता याचं कारण भोळेपणा नव्हतं. मालाचा भाव ठरवणारा आणि अडीनडीला पैसे देणारा माणूस एकच होता, अडचण ती होती.

म्हणून २६ जानेवारी १९९९ ला अखंड आंध्र प्रदेशात चंद्राबाबू नायडूंच्या सरकारनं रैतू बाजार सुरू केले, तेव्हा ऑफिसात सगळे हसत होते आणि मी कान टवकारून होतो. "सहा महिन्यांत बंद पडेल" हे वाक्य मी तेव्हा किमान वीस जणांकडून ऐकलं. कल्पना अगदी नवी नव्हती. पंजाबात १९८७ पासून 'अपनी मंडी' चालू होती. १९९९ च्याच नोव्हेंबरात मदुराईला तमिळनाडूचा पहिला 'उळवर संदै' निघाला. पण आपल्या दारात हे पहिल्यांदाच येत होतं.

व्यवस्था अशी होती. शेतकऱ्याला फोटोचं ओळखपत्र. त्यावर गाव, जमीन आणि तो काय पिकवतो ते. महसूल, शेती आणि फलोत्पादन खात्याची माणसं गावात जाऊन खात्री करणार, मगच कार्ड. कार्डवाल्याला बाजारात बसायला जागा फुकट, अडत नाही, बाजार-फी नाही. ओटा कोणाच्या मालकीचा नाही, सकाळी जो आधी येईल त्याचा. तराजू बाजाराचा. गावाकडून येणाऱ्या टोपल्यांसाठी आरटीसीच्या बसची सोय. आणि फाटकातून शिरल्या शिरल्या मोठा काळा फळा, ज्यावर त्या दिवसाचे भाव खडूनं लिहिलेले.

भाव ठरायची रीत मला फार आवडायची. बाजाराचा इस्टेट ऑफिसर आणि शेतकऱ्यांचे दोघे-चौघे पहाटे घाऊक बाजाराचे भाव बघणार आणि त्याच्यापेक्षा साधारण २५ टक्के जास्त, पण बाहेरच्या किरकोळ भावापेक्षा साधारण २५ टक्के कमी, असा आकडा लावणार. मी कागदावर मांडून बघितलं. घाऊक १० रुपये असेल तर इथं साडेबारा. आणि साडेबारा हा बाहेरच्या भावापेक्षा चौथाईनं कमी व्हायचा तर बाहेर १६-१७ असायला हवेत. म्हणजे मधल्या माणसांचा थर एवढा जाड आहे हे सरकारनंच गृहीत धरलं होतं! थर जाड होता म्हणूनच दोघांना वाटून घ्यायला काही उरत होतं. ज्या दिवशी घाऊक आणि किरकोळ भाव जवळ यायचे त्या दिवशी फळ्यावरचा आकडा काढताना त्या ऑफिसरची तारांबळ उडायची. मी मुद्दाम जाऊन उभा राहायचो.

आमच्या सौ.ला मात्र पहिले सहा महिने हा बाजार पटला नाही. घासाघीस करायची सोयच नाही, तर बाजार कसला! तिनं एका बाईला "पावणेसातला दे" म्हटलं तर त्या बाईनं उत्तर न देता फळ्याकडे बोट दाखवलं. घरी येऊन म्हणाली, "बँकेत गेल्यासारखं वाटतं तिथं." मला तो आमचा सन्मान वाटला, तिला तसं म्हणायचं नव्हतं.

पण मग तिचीच गोडी वाढली, आणि त्याचं कारण स्वस्ताई नव्हतं. सांगते ते वजन मिळतं आणि सकाळी तोडलेली भाजी मिळते, हे एकदा कळलं की पाय आपोआप तिकडे वळतात. रुपया-दोन रुपये वाचवायला कोणी दोन किलोमीटर जात नाही. बंडीवाल्याशी रोजची लढाई वाचते म्हणून जातात. शेजारच्या देशपांडेकाकूंपासून ते खालच्या मजल्यावरच्या रेड्डींपर्यंत सगळे तिथं भेटू लागले. ओळखीचे चेहरे पिशव्यांसकट दिसायचे, लग्नाची स्थळंसुद्धा वांग्यांच्या ढिगाजवळ निघाली आहेत.

आपल्या सणांनी त्या बाजारात थोडी भर घातली, हे मी अभिमानानं सांगतो. अळूचंच बघा. इकडे अळकुड्या खातात, चामगड्डा म्हणतात, पण पानं शेतातच टाकून यायचे. एका मराठी बाईनं मागितली, मग दुसरीनं. मोईनाबादच्या पुढच्या गावाची एक बाई पालेभाजी घेऊन बसायची, वय तेव्हा पस्तिशीचं असेल, तिनं एक दिवस विचारलं, "अक्का, या पानांचं तुम्ही करता काय?" आमच्या हिनं पुढच्या शनिवारी डब्यात अळूवड्या नेऊन दिल्या. त्यानंतर श्रावणात ती न सांगता पानं आणायला लागली, देठाचा रंग बघून, वडीची वेगळी आणि फतफत्याची वेगळी. ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी तिच्याकडे मराठी बायकांची रांग. भोगीला वाल, गाजर, हरभरे असा वाटा बांधून तयार. भोगी त्यांच्याकडेही असतेच, पण आपली ती मिसळीची भाजी त्यांच्याकडे नाही. शेपू आणि आंबटचुका मात्र त्यांच्याकडे आधीपासून. चुक्याला ती चुक्ककूर म्हणायची, आणि चुक्यात हरभऱ्याची डाळ घालायची की तुरीची, यावर तिचा आणि आमच्या हिचा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

या बाईबद्दल पुढे सांगायचं आहे. सगळे तिला अम्मा म्हणायचे, मीही तेच म्हणतो.

बाजार वाढत गेला. पत्र्याच्या शेडी आल्या, सिमेंटचे ओटे आले. बचत गटांच्या बायकांना लोणची-पापड आणि डाळी-तांदळाचे गाळे मिळाले. अंडी आली, तेल आलं. तराजूच्या जागी इलेक्ट्रॉनिक काटे आले. सरकारं बदलली. २००४ मध्ये नायडू गेले, २०१४ मध्ये राज्यच दोन झालं, तरी बाजार राहिला. हे वाटतं तितकं सोपं नाही. तमिळनाडूत २००१ ला सत्ता बदलल्यावर उळवर संदैंची रया गेली होती, २००६ नंतर त्यांना पुन्हा जीव आला. इथं तसं झालं नाही, कारण तोपर्यंत सगळ्या पक्षांच्या बायका भाजी तिथूनच आणत होत्या! कांदा महागला की सरकार सवलतीचा कांदाही याच बाजारात विकायला ठेवायचं. मलकपेटच्या मंडईत कांदा येतो तो बराचसा आपल्या महाराष्ट्रातून, म्हणून रांगेत उभं राहून मी लोकांना लासलगावची महती सांगायचो. कोणी ऐकायचं नाही. २०२० च्या टाळेबंदीत तर बाजारच गाडीत बसून कॉलन्यांमधून फिरला, फिरते रैतू बाजार म्हणून. आता प्रत्येक ओट्यावर क्यूआर कोडचा ठोकळा आहे आणि तो तेलुगूत रक्कम ओरडतो. नोकरीत असताना एकेक बचत खातं उघडायला गावोगाव हिंडलो त्याची आठवण होऊन गंमत वाटते.

गर्दी वाढली तशी एक गोष्ट शिरली. शेतकऱ्यांचा बाजार, पण ओळीतल्या काही ओट्यांवर बारा महिने सगळंच मिळायला लागलं. एकाच माणसाकडे फ्लॉवर, सिमला मिरची, बीन्स, आलं आणि बटाटा. चेवेल्ल्याच्या शेतात बटाट्याचे डोंगर कुठून आले? उन्हाळ्यात टोमॅटो मदनपल्लीहून येतो हे मला माहीत होतं, पण विकणारा म्हणायचा, "अपने खेत का है सार." घाऊक बाजारातून पहाटे माल उचलायचा आणि इथं शेतकऱ्याच्या कार्डावर विकायचा, असा तो धंदा. कार्ड कधी भावाचं, कधी सासऱ्याचं. लोकांना फरक पडत नव्हता, त्यांना एका जागी सगळं मिळत होतं. खरा शेतकरी दोन टोपल्या चुका-पालक घेऊन सात वाजता यायचा तेव्हा पुढचे ओटे भरलेले असायचे. वरचेवर तपासणी व्हायची, कार्डं रद्द व्हायची, काही दिवसांनी पुन्हा तेच. मला हे खुपायचं. बँकेत दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर कर्ज उचलणारे बघितले होते, तोच प्रकार.

आता मालाच्या उगमाकडे येतो. पश्चिमेच्या या गावांना एक कवच होतं. १९०८ च्या मुसीच्या पुरानंतर बांधलेले आपले दोन तलाव, उस्मानसागर आणि हिमायतसागर, त्यांच्या पाणलोटासाठी मार्च १९९६ मध्ये सरकारनं १११ नंबरचा आदेश काढला. तलावांभोवती १० किलोमीटरच्या टापूतली ८४ गावं. तिथं कारखाने नाहीत, मोठी हॉटेलं नाहीत, वसाहती नाहीत. हेतू पिण्याचं पाणी राखण्याचा होता, पण भाजी राहिली ती त्या आदेशामुळे. आमच्या शाखेच्या जुन्या कर्जदारांना हा आदेश मुळीच आवडायचा नाही. त्यांच्या जमिनीचा भाव शेजारच्या गावापेक्षा कितीतरी कमी. "तुम्ही पाणी पिणार आणि आम्ही गरीब राहायचं?" असं एकानं मला तोंडावर विचारलं होतं. त्याच्याकडे प्रश्न होता, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग १५८ किलोमीटरचा बाह्य वळण रस्ता झाला आणि शहर एका दमात गावांच्या कुशीत आलं. वसाहतींना बंदी, पण फार्महाउस दिसायला लागली. भिंत, फाटक, हिरवळ, कुत्रा. आठवडाभर रखवालदार आणि शनिवार-रविवार गाड्या. २०२२ मध्ये तर त्या १११ नंबरच्या आदेशाची बंधनं उठवणारा नवा आदेशच निघाला. वर्षावर्षाला मी बाजारात विचारायचो, "कुठल्या गावचा माल?" आणि उत्तर लांबलांबचं यायला लागलं. पूर्वी मोईनाबाद, मग चेवेल्ला, मग चेवेल्ल्याच्याही पुढे विकाराबादकडचा. शहरातला बाजार मोठा होत होता आणि त्याला पोसणारी शेतं मागे मागे सरकत होती.

अम्माची जमीन दोन एकर दहा गुंठे होती. बोअर होती, ती आटली, दुसरी मारली, तीही लागली नाही. मोठा मुलगा शहरात टॅक्सी चालवतो, धाकट्या मुलीचं लग्न तोंडावर होतं. शेजारच्या दोन्ही तुकड्यांवर भिंती उठल्या होत्या. त्यांनी विकली. तिनं मला विचारलं नव्हतं आणि विचारलं असतं तरी मी "विकू नका" म्हटलं नसतं. दोन कोरड्या बोअरींचं व्याज मी मोजलेलं आहे.

विकल्यानंतर चार-पाच महिने ती बाजारात येत राहिली. माल मात्र बदलला. चुका ओला नसायचा, जुड्या एकसारख्या, सुतळी वेगळी. आमच्या हिनं पहिल्याच दिवशी ओळखलं आणि काही बोलली नाही. पुढच्या तपासणीत शेत नावावर नाही, पीक नाही असं निघालं आणि कार्ड रद्द झालं. फलोत्पादन खात्याचा तो तरुण अधिकारी सभ्य होता, आवाजही चढवला नाही. नियमानं त्यानं केलं ते बरोबरच होतं. त्याच नियमानं बटाट्याचे डोंगर लावणारेही जायला हवेत असं मीच इतकी वर्षं म्हणत होतो. अम्मानं टोपली उचलली आणि फाटकाबाहेर, बसथांब्याच्या बाजूला फुटपाथवर मांडली.

पुढचा भाग मला अवघड जातो. वर्षभरानं तिच्या टोपलीत पुन्हा पूर्वीचा चुका दिसला. लहान पानांचा, मुळाशी लाल माती लागलेला. विचारलं तर म्हणाली, चेवेल्ल्याच्या पलीकडे वीस गुंठे कौलुनं घेतलेत. आपण खंडानं म्हणतो तेच. वर्षाचा पैसा आधी द्यायचा, लेखी काही नाही. ती आणि तिचा नवरा पहाटे तीनला भाजी तोडतात आणि पहिली बस धरतात. म्हणजे ती पुन्हा शेतकरी झाली होती, आणि कार्ड मिळत नव्हतं, कारण कार्डाला जमिनीचा कागद लागतो. मी चौकशी केली. कागदावर मार्ग आहेत. कौलदारांना कर्जपात्रतेचं कार्ड द्यायचा कायदा अखंड आंध्रात २०११ लाच झाला होता. पण २०१८ मध्ये रैतू बंधूचे एकरी ४००० रुपये हंगामाला वाटायला सुरुवात झाली, तेव्हा ते पैसे पासबुक ज्याच्या नावावर त्याला मिळाले, पिकवणाऱ्याला नाही. त्या वीस गुंठ्यांचे पैसेही मालकाच्याच खात्यात जायचे.

मी तिचा अर्ज लिहून दिला. बाजाराच्या कार्यालयात सांगितलं की मालकाकडून दोन ओळी लिहून आणा, ही बाई माझी जमीन कसते म्हणून, बाकी आम्ही गावात येऊन बघतो. मागणी रास्त होती. मालक शहरातच राहतो, माझ्याच वयाचा. तिच्याबरोबर मी त्याच्याकडे गेलो. चहा दिला, चांगला बोलला. खंड वाढवणार नाही म्हणाला, पाण्याचे पैसे घेत नाही म्हणाला. आणि लिहून देणार नाही म्हणाला. "सार, तुम्ही बँकेतले आहात, तुम्हाला कळतं. एकदा लिहिलं की उद्या जमीन कोणाची?"

आणि मला कळत होतं, मंडळी. आपल्यापैकी निम्म्या घरांत ही गोष्ट आहे. माझ्या आजोबांची उदगीरकडे जमीन होती. १९५० चा हैदराबादचा कूळकायदा आला तेव्हा उदगीर हैदराबाद राज्यातच होतं. आजोबा इथं नोकरीला, जमीन कुळाकडे. कायद्यानं त्यातली बरीच कुळाच्या नावावर झाली. आजी मरेपर्यंत म्हणायची, "लिहून दिलं आणि घालवलं." 'कूळ लागेल' हे दोन शब्द आमच्या घरात भुतासारखे वापरायचे. उरलेल्या तुकड्यासाठी वडिलांनी पुढे कोणालाही साधी पावती दिली नाही. त्या कुळाचा नातू आज तिथं सोयाबीन घेतो आणि आम्ही घेतली असती त्यापेक्षा बरं घेतो, हेही खरं. त्या मालकाच्या दिवाणखान्यात बसून मला आजोबा आणि अम्मा दोघंही दिसत होते, आणि अर्ज माझ्या हातात होता.

परत येताना रिक्षात ती मलाच समजावत होती. जाऊ दे सार, बाहेर हवा चांगली लागते.

तीन वर्षं झाली. अर्ज अजून माझ्या फायलीत आहे. मध्ये एक अधिकारी बदलून आले तेव्हा पुन्हा नेऊन दाखवला. त्यांनीही त्याच दोन ओळी मागितल्या. आत, तिच्या जुन्या ओट्यावर, आता एक तरुण बसतो. त्याच्याकडे कार्ड आहे, गावात तीन एकर आहेत, आणि टोपलीत ब्रोकोली आहे. ती कुठली ते मी विचारत नाही.

फुटपाथवर महानगरपालिकेची गाडी आली की अम्मा टोपली उचलून बसथांब्यामागे उभी राहते, गाडी गेली की परत मांडते. भाव ती स्वतः ठरवत नाही. सकाळी आल्यावर नातवाला आत पाठवते, तो फळ्यावरचे आकडे पाठ करून येतो आणि ती तेच लावते. मागच्या शनिवारी एका नव्या गिऱ्हाइकानं चुक्याच्या जुडीला पाच रुपये कमी करायला सांगितले. अम्मानं मान वर न करता फाटकाकडे बोट दाखवलं. "अंदर जा के देख लेओ, भाव वहीच है."